इंजिनाचा आलेख : वॉटच्या घोड्यापासून आपल्या जनरेटरपर्यंत

"यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा," असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा आम्ही जरा घुटमळलो. हैदराबादच्या मराठी माणसाने इतिहासावर लिहायचे म्हणजे मुक्तिसंग्राम, नाहीतर विवेकवर्धिनी, नाहीतर आपल्या जुन्या वाड्यांचा इतिहास. या विषयांतली जाणकार मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापुढे आम्ही तोंड उघडू नये हेच बरे. आम्ही पडलो मेकॅनिकल डिप्लोमावाले. वीसेक वर्षे सरकारी नोकरीत पंप, जनरेटर आणि गाड्या यांच्या फायली सांभाळतो. आम्हाला ज्याचा इतिहास थोडाफार ठाऊक आहे ती वस्तू एका कागदावर मावते. इंजिन डायनॅमोमीटरवर चढवून, त्यावर भार टाकून, त्याची ताकद मोजून जो आलेख काढतात तो हा कागद. नव्या इंजिनाबरोबर तो येतो, फायलीला टाचला जातो आणि बहुतेक वेळा पुन्हा कोणी पाहत नाही.

आम्हीही पाहिला नव्हता. त्यापायी एका माणसाची नोकरी धोक्यात आली होती. ते पुढे सांगतो.

आधी कागदाची ओळख करून घेऊ. आडव्या रेघेवर इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, म्हणजे आरपीएम. उभ्या रेघेवर दोन मापे : एक टॉर्क, दुसरी पॉवर. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. विहिरीच्या रहाटाची मूठ तुम्ही किती जोराने दाबता तो टॉर्क. त्याच जोराने ती मूठ मिनिटाला किती वेळा फिरवता हे त्यात मिसळले की झाली पॉवर. सावकाश फिरवणारा पहिलवान आणि भराभर फिरवणारा पोरगा दोघेही तासाभरात सारखेच पाणी काढू शकतील; पण पोहरा मोठा असला तर पोराच्याने मूठ हलणारच नाही.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत हैदराबादच्या रस्त्यांवर दोन पंथ होते, बुलेटवाले आणि आरएक्स-१०० वाले. दोघांचे वाद चहाच्या टपरीवर रात्री अकरापर्यंत चालत. जुन्या ३५० सीसी बुलेटची पॉवर १८ हॉर्सपॉवर, ५६२५ आरपीएमला. टॉर्क ३२ न्यूटन-मीटर, तोही अवघ्या ३००० आरपीएमला. यामाहा आरएक्स-१०० ची पॉवर ११, पण ७५०० आरपीएमला. टॉर्क साडेदहाच्या आत, ६५०० आरपीएमला. म्हणजे पॉवरमध्ये बुलेट दीडपटीहून थोडी पुढे, पण पिळात तिप्पट. शिवाय तो पीळ तिला खालच्या फेऱ्यांतच मिळतो. मासाब टँककडून बंजारा हिल्सचा चढ बुलेटवर तीन जण बसून टॉप गिअरमध्ये डुगडुगत चढत, आणि आरएक्सवाला गिअर पाडून, इंजिन किंचाळवून त्यांच्या पुढे जाई. दोघेही आपापल्या परीने खरे होते. एक टॉर्कची रेघ वाचत होता, दुसरा पॉवरची.

याच बुलेटवरून आलेखाची चाल कळते. ३००० आरपीएमला टॉर्क ३२ असताना पॉवर भरते सुमारे साडेतेरा हॉर्सपॉवर. पुढे टॉर्क उतरू लागतो, ५६२५ ला तो २३ च्या आसपास येतो, तरी पॉवर चढत चढत १८ वर जाते. जोर घटला तरी फेरे त्याहून वेगाने वाढले, म्हणून. त्यापुढे मात्र सिलिंडरला श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही आणि दोन्ही रेघा खाली येतात. टॉर्कच्या शिखरापासून पॉवरच्या शिखरापर्यंतचा पट्टा हा इंजिनाचा खरा संसार. चढावर फेरे कमी झाले की इंजिन त्या पट्ट्यात मागे सरकते आणि त्याचा जोर आपोआप वाढतो. यालाच ड्रायव्हर मंडळी "गाडी ओढते" म्हणतात. टॉर्कचे शिखर पॉवरच्या शिखराला फार चिकटलेले असेल तर ते इंजिन चढावर लगेच मान टाकते. जाहिरातीत मात्र छापतात एकच आकडा, पॉवरच्या शिखराचा.

आता हा हॉर्सपॉवरमधला घोडा आला कुठून? जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन वाफेची इंजिने विकत. कॉर्नवॉलच्या खाणींत आधीपासून न्यूकोमेनची इंजिने होती, तिथे हिशेब सोपा होता : जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा वॉटचा. पण जिथे इंजिनच नव्हते, घोडे घाणा फिरवत होते, तिथे वाचवलेला कोळसा कुठून दाखवणार? मालक विचारी, "तुझे इंजिन माझे किती घोडे वाचवील?" म्हणून १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉटने घोडा मोजला. १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात घोडा तासाला १४४ फेरे मारतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असे त्याने धरले. गुणाकार केला तर मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड येतात. वॉटने ते ३३,००० केले. दिवसभर राबणारा खरा घोडा एवढे काम देत नाही. पण गिऱ्हाईक "मोजलेल्या घोड्यापेक्षा इंजिन कमी पडले" म्हणून भांडायला येऊ नये, यासाठी ते सोयीचेच होते. आपल्याकडे वॉट जन्मला असता तर त्याने मोटेची बैलजोडी मोजली असती, आणि आज आपण गाडीला "किती बैलांची?" असे विचारले असते.

हा घोडा अजून आलेखात दडून बसलेला आहे. हॉर्सपॉवर आणि फूट-पौंड ही मापे एकाच पट्टीवर घेऊन काढलेला कुठलाही आलेख घ्या. दोन्ही रेघा एकमेकींना ५२५२ आरपीएमलाच छेदतात. गाडी अमेरिकेची असो, इंजिन दोन सिलिंडरचे असो की आठ. कारण ३३,००० ला एका फेऱ्याच्या ६.२८ ने भागले की ५२५२ येतात. आपल्याकडच्या जुन्या आलेखांवर किलोग्रॅम-मीटर आणि मेट्रिक हॉर्सपॉवर असत, तिथे भागाकाराचा आकडा ७१६. हल्ली न्यूटन-मीटर आणि किलोवॅट असतात, तिथे ९५४९. कागद खरा की बनावट हे पाहण्याची ही पहिली परीक्षा. टॉर्कच्या रेघेवर कुठलाही बिंदू धरा, त्याला आरपीएमने गुणा, योग्य आकड्याने भागा. उत्तर पॉवरच्या रेघेवर पडलेच पाहिजे. पडले नाही तर त्यातली एक रेघ कोणीतरी ऑफिसात बसून काढलेली आहे.

वॉटचा मदतनीस जॉन सदर्न याने १७९६ साली आणखी एक युक्ती केली. सिलिंडरमधल्या वाफेचा दाब दाखवणाऱ्या यंत्राला त्याने पेन्सिल बांधली आणि पिस्टनबरोबर सरकणारी फळी तिच्यासमोर ठेवली. इंजिनाने आपली आकृती आपल्याच हाताने काढली. बोल्टन आणि वॉट यांनी हे कित्येक वर्षे गुपित ठेवले, यावरून त्या कागदाची किंमत त्यांना किती कळली होती ते दिसते. पण त्यातून कळे ते सिलिंडरच्या आत काय चालले आहे ते. घर्षणात किती गेले आणि बाहेर दांड्यावर हाती किती उरले, हा प्रश्न शिल्लकच होता.

त्याचे उत्तर १८२१ साली गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरने दिले. (हाच गृहस्थ क्रांतीच्या काळात लॉगॅरिथमचे प्रचंड तक्ते करून घेणारा. मोजण्याचे वेड अंगातच होते.) त्याने फिरत्या दांड्याला दोन लाकडी ठोकळ्यांत पकडले आणि त्यांना एक लांब दांडा जोडला. ठोकळे आवळले की दांडाही फिरू पाहतो. त्याच्या टोकाला वजने टांगून तो आडवा स्थिर ठेवायचा. वजन, दांड्याची लांबी आणि फेरे एवढ्यावर ताकद निघते. बीएचपी म्हणतो त्यातला 'बी' म्हणजे ब्रेक, तो हा प्रोनीचा ब्रेक. तराजू तोच, फक्त पारड्यात फिरते इंजिन.

लहान इंजिनाला हे ठीक. मोठ्या इंजिनाची सगळी ताकद त्या लाकडात उष्णता होऊन शिरते आणि लाकूड पेट घेते. इंग्लंडच्या आरमाराला हजारो हॉर्सपॉवरची जहाजाची इंजिने मोजायची होती. जहाजांच्या प्रतिकृती टाकीत ओढून अभ्यास करणारा विल्यम फ्रूड याने १८७७ मध्ये लाकडाच्या जागी पाणी घातले. वाट्यांसारखे खळगे असलेले एक चाक, समोर तशाच खळग्यांचे कवच, मध्ये पाणी. चाक पाण्याला घुसळते, पाणी कवचाला आपल्याबरोबर ओढू पाहते, आणि कवच किती जोराने ओढले जाते ते काट्यावर मोजायचे. उष्णता वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते. दीडशे वर्षे होत आली, मोठ्या इंजिनांसाठी फ्रूडची ही पद्धत अजून चालू आहे. पुढे विजेचे डायनॅमोमीटर आले, ज्यात इंजिनाच्या ताकदीची वीज करून ती मोजतात. हे लक्षात ठेवावे, आमच्या गोष्टीत त्याचा उपयोग आहे.

आमची आणि या विद्येची पहिली भेट पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत झाली, ती किर्लोस्करांच्या ओट्यावर. भारतातल्या इंजिनिअरिंगच्या असंख्य पोरांची तशीच झाली असेल. किर्लोस्करांची कथा मराठी घरांत नव्याने सांगायला नको : लक्ष्मणरावांनी मुंबईत व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवले, बेळगावात सायकलचे दुकान काढले, १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर केला, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. त्या घराण्याचे एव्ही-१ नावाचे इंजिन म्हणजे आमचा पहिला गुरू. एक सिलिंडर, व्यास ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७ किलोवॅट, १५०० आरपीएम. चाकाभोवती जाड दोर गुंडाळलेला, एका टोकाला वजने, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा. चाकाच्या पन्हाळीत पाणी ओतत राहायचे, नाहीतर दोर जळल्याचा वास सुटे. दोरासकट त्रिज्या २० सेंटीमीटर धरली तर पूर्ण भाराला वजन आणि काटा यांतला फरक १२ किलोच्या आसपास यायला हवा. बारा किलो म्हणजे दोन मोठी कलिंगडे. पाच घोड्यांचे इंजिन आणि त्याला पेलवायची दोन कलिंगडे, हे पाहून आमचा पार विरस झाला होता. ती कलिंगडे ते मिनिटाला दीड हजार वेळा फिरवते आहे, हे कळायला बरेच दिवस लागले.

इथेच आमचे एक पाप सांगून टाकतो. भार आणि डिझेलचा खप यांचा आलेख काढला की रेघ शून्यातून निघत नाही. इंजिन काहीच काम करत नसतानाही स्वतःला फिरवण्यापुरते डिझेल पितेच. ती रेघ डावीकडे मागे वाढवली की आडव्या रेघेला जिथे लागेल तिथे घर्षणात जाणारी ताकद मिळते. विलन्सची रेघ म्हणतात तिला. आम्ही चौघांनी प्रयोग न करता वरच्या वर्गाच्या वहीतून रेघ उतरवली, ती अगदी पट्टीसारखी सरळ. सरांनी वही दोन हात लांब धरून पाहिली आणि म्हणाले, "इतकी सरळ रेघ इंजिन काढत नाही, विद्यार्थी काढतो." मग शनिवारी दुपारी येऊन दोर जाळत सहा बिंदू घेतले. सहाही वाकडे. सरांनी सही केली.

आमचे आजोबा उदगीरकडचे. तेव्हा ते बिदर जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. त्या भागात मोट जाऊन इंजिन आले तो काळ त्यांनी पाहिलेला. पण ते किर्लोस्करवर कधी फारसे खूश नसत. त्यांचा जीव काळ्या लिस्टरवर, त्या पिठाच्या गिरणीत पुकपुक करणाऱ्या दोन जाड चाकांच्या इंजिनावर. "लिस्टर ओढतंय, हे नुसतंच पळतंय," असे ते म्हणत, आणि आम्ही डिप्लोमाच्या तोऱ्यात हसत असू. पुढे आकडे मांडून पाहिले. लिस्टर सहा हॉर्सपॉवरचे, ६५० आरपीएमला. त्याचा टॉर्क येतो ६५ न्यूटन-मीटरच्या वर. किर्लोस्कर पाच हॉर्सपॉवर, १५०० ला. टॉर्क २३ च्या पुढे थोडा. पॉवरमध्ये एकाचाच फरक, पिळात जवळजवळ तिप्पट. गिरणीत मूठभर ओले धान्य पडले आणि जाते अडले तर लिस्टर आपल्या जड चाकांच्या जोरावर ते ओढून नेई. अर्थात त्यापायी ते इतके अवजड की बैलगाडीत चढवायला गाव गोळा करावे लागे, आणि किर्लोस्कर दोघे-चौघे उचलून दुसऱ्या विहिरीवर नेत. आजोबांनी आलेख कधी पाहिला नव्हता. त्यांची रेघ मात्र बरोबर होती.

आता कागदाच्या तळाशी जाऊ. तिथे बारीक अक्षरांत परिस्थिती लिहिलेली असते आणि आमच्या मते सगळ्या कागदात वाचण्यासारखी जागा तीच. इंजिन जाळते डिझेल, पण त्याला ताकद मिळते ती हवेच्या मापात. हवा विरळ किंवा गरम असली तर सिलिंडरमध्ये कमी मावते. म्हणून कारखाने आपले आकडे ठरावीक हवेला बदलून देतात : २५ अंश तापमान, आणि दाब समुद्रसपाटीच्या जवळपासचा.

१९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने रस्ता वाहतुकीचे खाते उघडले, २७ बस आणि १६६ माणसे घेऊन. त्या बस ॲल्बियन कंपनीच्या, ग्लासगोच्या. (हैदराबादच्या बसच्या नंबरातले 'झेड' अक्षर निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या नावावरून आले असे सांगतात, ते असो.) पुढे हीच सेवा जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली, आणि १९५६ च्या पुनर्रचनेत मराठवाड्यातला तिचा भाग मुंबई राज्याकडे गेला. इंजिने घडली क्लाइड नदीच्या काठी, स्कॉटलंडच्या गारव्यात, समुद्राच्या पातळीला. धावायची होती दख्खनच्या पठारावर. हैदराबादची उंची साधारण ५४० मीटर. इथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास, समुद्रकाठी तो १०१३. सहा टक्के हवा तर उंचीनेच गेली. त्यात मे महिन्याचे ४२ अंश. दोन्ही मिळून साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद कागदावरच्यापेक्षा दहाएक टक्के कमी भरते. इंजिनात काही बिघाड नसताना.

या बारीक अक्षरांमागेही भांडणेच आहेत. अमेरिकेत पूर्वी इंजिन उघडे मोजत : पंखा नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. त्याला ग्रॉस म्हणत. गाडीत बसवल्यावर उरते ते नेट. १९७१ च्या कॅडिलॅक एल्डोराडोचे एकच इंजिन ग्रॉसने ३६५ हॉर्सपॉवर आणि नेटने २३५. १९७२ पासून तिकडच्या कारखान्यांनी नेट आकडे छापायला सुरुवात केली आणि पुष्कळ लोकांना वाटले की इंजिने एका रात्रीत अशक्त झाली. आपल्याकडे स्थिर फेऱ्यांच्या डिझेल इंजिनांना आणखी एक गंमत असते : बारा तासांत एक तास दहा टक्के जादा भार घेण्याची मुभा. हा जादा भाराचा आकडाही चाचणीच्या कागदावर असतो, आणि विकणाऱ्याला तोच जास्त आवडतो.

तर आता ती गोष्ट. पंधराएक वर्षे झाली. एका जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी इमारतीसाठी साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर आला. माल तपासून घेण्याच्या कागदावर सही आमची. आम्ही नोकरीत कोवळे. चाचणीच्या आलेखावरचा सर्वांत वरचा आकडा पाहिला, मागणीच्या आकड्याशी ताडला, जास्तच दिसला, सही ठोकली. जनरेटर पत्र्याच्या शेडमध्ये बसला. दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, भर दुपारी इंजिन जाम झाले. पिस्टनने सिलिंडर धरला. दुरुस्तीचा खर्च मोठा होता. ऑपरेटर रोजंदारीतून कायम झालेला, पन्नाशी उलटलेला, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. पाण्याकडे लक्ष दिले नाही असा ठपका ठेवून त्यांना मेमो मिळाला. पगारातून वसुली, आणि चौकशीत दोषी ठरले तर नोकरीवरही गदा. ऑफिसचे रजिस्टर पाहिले तर रोजच्या रोज सगळे "नॉर्मल". ते रजिस्टर महिनाअखेरीस एकाच शाईने भरले जाई, हे सर्वांनाच माहीत होते.

चाचा आमच्याकडे आले. हातात शाळेची दोनशे पानी वही. "साब, उनों का रजिस्टर नक्को देखो, मेरी कापी देखो." वहीत तासातासाची नोंद : वेळ, अँपिअर, फ्रीक्वेन्सी, पाण्याचे तापमान. शेवटच्या रकान्यात उर्दूत शेरा. तो त्यांनीच वाचून दाखवला, "काला धुआँ." पुन्हा "काला धुआँ." दोन उन्हाळ्यांत असे किती शेरे होते ते आम्ही मोजणे सोडून दिले.

वही घरी आणली आणि रात्री आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले. जनरेटर हाच डायनॅमोमीटर : अँपिअरवरून भार कळतो, आणि पन्नास फ्रीक्वेन्सी म्हणजे बरोबर १५०० आरपीएम. रात्री नऊला ८४ अँपिअरवर फ्रीक्वेन्सी ४९ च्या वर. तेवढ्याच ८४ अँपिअरवर दुपारी तीनला ४७, म्हणजे १४१० आरपीएम, आणि सोबत काळा धूर. गव्हर्नर डिझेल पूर्ण सोडून बसला होता, पण जाळायला हवा नव्हती. पाण्याचे तापमान मात्र बिघाडाच्या दिवसापर्यंत नोंदलेले, आणि दोनदा त्यांनी वरिष्ठांना सांगून भार कमी करवल्याचीही नोंद. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एअर फिल्टरजवळ थर्मामीटर धरला. ५४ अंश. रेडिएटरची गरम हवा शेडमध्येच घुमत होती.

मग फायलीतला मूळ आलेख काढला. आम्ही ज्याच्यावर सही केली तो आकडा एक तासाच्या जादा भाराचा होता. तळाशी लिहिलेले तापमान २५. जादा भार काढून टाकला, उंची आणि शेडची उष्णता वजा केली, तर फायलीवर शंभर धरलेले इंजिन मेमधल्या दुपारी ऐंशीच्या आसपास होते. त्याच्याकडून रोज पूर्ण भार ओढून घेतला जात होता. चूक तपासून घेणाऱ्याची, म्हणजे आमची. शेड बांधणाऱ्यांचीही, पण आधी आमची.

हे कागदावर मांडायला आम्हाला चार दिवस लागले. हिशेबाला एक संध्याकाळ, बाकीचे दिवस धैर्याला. सौ. म्हणाली, "त्यांच्या जागी तुमचे बाबा असते तर?" चौथ्या दिवशी टिपणी लिहिली, सोबत मूळ आलेख, चाचांच्या वहीच्या प्रती आणि आमचा पेन्सिलीचा आलेख जोडला, आणि शेवटच्या परिच्छेदात आमच्या सहीची तारीख लिहिली. आम्हालाही मेमो आला, एक वेतनवाढ वर्षभर थांबली. चाचांवरची वसुली आठ महिन्यांनी रद्द झाली. तोपर्यंत कापलेले तीन हप्ते परत मिळायला आणखी वर्ष गेले. शेडच्या दोन बाजूंचे पत्रे निघाले, जाळी बसली, रेडिएटरपुढे पत्र्याचा बोगदा करून गरम हवा बाहेर काढली, आणि स्विचबोर्डवर खडूने नवा आकडा लिहिला गेला : उन्हाळ्यात ६८ अँपिअरच्या वर नाही.

गेल्या वर्षी आपल्या मंडपामागे भाड्याचा जनरेटर उभा होता, तेव्हा आम्ही त्याच्या पाटीवर वाकून काय वाचत होतो असे काही जणांनी विचारले होते. पाटीवर केव्हीए असतात. त्यांचे किलोवॅट करायला ०.८ ने गुणायचे, म्हणजे २५ केव्हीएचे २० किलोवॅट. आणि फार मोठा जनरेटर आणून चार दिव्यांच्या माळा लावणेही शहाणपणाचे नाही. विलन्सच्या रेघेप्रमाणे तो स्वतःला फिरवण्यातच डिझेल पीत राहतो. युनिटमागे सर्वांत कमी डिझेल लागते ते साधारण पाऊण भारापासून पुढे. कार्यकारिणीने यंदा आम्हाला आधी विचारले, त्याबद्दल आभार.

वसुली रद्द झाल्याचा कागद घेऊन चाचा आले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. आम्ही काढलेल्या आलेखाची झेरॉक्स. कशाला हवी म्हणून विचारले तर म्हणाले, "घर में बताना है, साब. बच्चे पूछते, क्या लिखते रहते रोज." ऑफिससमोरच्या दुकानातून एक रुपयात प्रत काढली. रात्रीची रेघ आणि दुपारची रेघ कुठली ते त्यांनी आमच्याकडून दोनदा विचारून घेतले, प्रत चार घड्या करून वहीत ठेवली, आणि चारची नोंद घ्यायची म्हणून शेडकडे गेले.